काजं-बटणांचं काम

शिंपीदादांच्या लेकीला खोटं बोलता येत नसे, आणि हा गुण तिला बापाकडूनच मिळाला होता. गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं तरी दादा माप खरंच सांगायचे, वर म्हणायचे, "टेपेला भीड नसते." सारी पेठ त्यांना दादा म्हणे, लेक तेवढी बाबा. पुढे ती शाळेत गणित शिकवू लागली, जन्मभर नाकासमोर चालली आणि बापाला विसर पडू लागला तेव्हाही तिनं टेपेचा धर्म सोडला नाही.

दादांना ठेवलं होतं त्या वृद्धाश्रमात विसरभोळ्यांसाठी वेगळं दालन होतं. तिथं ठिकठिकाणचे म्हातारे, जितकी डोकी तितक्या बोली. नंतर शिकलेली भाषा अशा दुखण्यात आधी पुसली जाते. परमुलखातून येऊन इथं दुकान थाटलेल्या दादांपाशी मायबोली तेवढी उरली आणि ती कळणारं तिथं औषधालाही कोणी नव्हतं. मदतनीस खाणाखुणांवर भागवत.

शेजारच्या खुर्चीत एक थोराड म्हातारी बसे. तिचा तोरा बघून सगळे तिला बाईसाहेब म्हणत. दादा रोज खिशातली टेप काढून तिच्या बाहीचं माप घेत आणि विचारत, "आमची मंडळी आली का हो? काजं-बटणं खोळंबलीत." ही मंडळी म्हणजे दादांची बायको. दुकानातली काजं-बटणं जन्मभर तिनंच केली, आणि तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. बाईसाहेब आपल्या भाषेत ठणकावून काहीतरी सांगत. "बरं, येईल मग," म्हणून दादा टेप गुंडाळून ठेवत आणि खुशाल डुलकी काढत.

रविवारी लेक आली की दादा तिलाही तेच विचारत. ती त्यांचा हात हातात घेऊन सांगे, "बाबा, आई गेली. आठवतंय ना?"

आठवतंय कुठलं! दर रविवारी दादा ते नव्यानं ऐकत आणि ऊर फुटेस्तोवर रडत. लेकही रडे. मग घरी जाताना ती हिशेब मांडी की बाबांशी आपल्या भाषेत बोलणारं कोणी नाही, म्हणून ते आतल्या आत कुढतात आणि मी दिसले की बांध फुटतो. गणिताच्या बाईंचं गणित होतं ते, चुकेल कसं?

तिनं खटपट करून दुसरा आश्रम शोधला. तिथं झाडूवाल्यापासून नर्सपर्यंत सगळे दादांच्याच भाषेचे. जुन्या आश्रमातली मेट्रन म्हणाली, "घाई करू नका. त्या दोघांचं छान जमलंय."

"अहो, एकमेकांचं अवाक्षर कळत नाही त्यांना!"

"म्हणून तर जमलंय," मेट्रन हसली. लेकीला तो निव्वळ आचरटपणा वाटला.

नव्या आश्रमात तिनं नर्सला पहिल्याच दिवशी बजावलं, "ते काहीही विचारोत, खरं तेच सांगायचं. थापा मारून गप्प बसवायचं नाही."

"छे हो ताई, आमच्याकडे तसलं नाही चालत," नर्स म्हणाली.

पुढच्या रविवारी लेक मोठ्या उमेदीनं गेली. दादा गळून गेले होते. नर्स गोळ्या घेऊन आली तसं त्यांनी विचारलं, "आमची मंडळी आली का हो?"

"आजोबा, सकाळीच सांगितलं ना? आजी देवाघरी गेल्या." किती मायेनं बोलली पोरगी! आणि शब्दन् शब्द दादांना कळला. आजवर लेकीनं बापाचं हे रडणं स्वतःच्या रडण्यातून पाहिलं होतं. आज तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, त्यामुळे सगळं स्वच्छ दिसलं.

"दिवसभर विचारतात ताई," नर्स हळूच म्हणाली, "आणि आम्ही सगळे खरंच सांगतो. तुम्ही बजावलंत ना."

रविवारचं मरण तिनं बापाला रोजचं करून दिलं होतं. करायला गेली एक आणि झालं भलतंच. ती बाहेर व्हरांड्यात गेली आणि तिनं जुन्या मेट्रनला फोन लावला. "जागा गेली का हो?"

"पलंग आहे की. बाईसाहेब त्यावर कोणाला टेकू देतील तर ना! दिवसभर हात पुढे करून बसतात."

ती आत आली तेव्हा दादांचं रडणं ओसरलं होतं. का रडलो तेही ते विसरले होते, गाल मात्र ओले होते. त्यांनी तिच्याकडे नव्या गिऱ्हाईकाकडे बघावं तसं बघितलं. "या, बसा. बाहीचं माप ना?"

तिनं हात पुढे केला. दादांनी टेप काढली. "आमची मंडळी दिसली का हो येताना?"

तिची जीभ वळेना. "दिसल्या," ती शेवटी म्हणाली. "काजं करतायत. झाली की येतील."

"करू दे सावकाश. घाईत काज उसवतं." दादांचा चेहरा खुलला. टेप खांद्यावरून मनगटापर्यंत आणता आणता ते थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एक काम कराल? आमची लेक येईल. पोर गुणाची आहे हो, पण तिला आत सोडू नका. ती आली की घरातलं कोणीतरी जातं."

माप बिघडू नये म्हणून तिनं हात सरळच धरून ठेवला.

"नाही सोडणार, दादा," ती म्हणाली.