झाकण काढून नेलेले भांडे

मित्रांनो, माझे नाव सांगितले की तुम्ही नाक मुरडाल, म्हणून आधी थोडे दुसरेच बोलते. मी पितळेची आहे. पोटाशी गोल, तोंडाशी जरा आवळलेली, वर घुमटासारखे झाकण. आज मी सोलमधल्या एका उंच इमारतीत, अकराव्या मजल्यावर, काचेच्या कपाटात बसले आहे. माझ्यात सुकलेली फुले खोचली आहेत. पाहुणे विचारतात, "किती सुंदर! मिठाईचा डबा का?" घरातले लोक हसतात आणि विषय बदलतात. मी योगांग आहे. म्हणजे रात्री उठून अंगणापलीकडच्या संडासात जायला नको, म्हणून खोलीत ठेवायचे भांडे.

माझा जन्म हातोड्यांखाली झाला. ओतलेले पितळ वेगळे आणि ठोकलेले वेगळे. चार माणसे भोवती उभी राहून पाळीपाळीने घाव घालत. त्या घावांच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत. मग एका नवरीच्या पालखीतून मी डोंगराआडच्या गावी गेले. नवरीचे नाव बुनये. वाट लांबची, आणि भोई चार. आवाज बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून तिच्या आईने माझ्या तळाशी कापसाच्या सरकीचा थर दिला होता. लाज झाकण्याचे काम मी असे पहिल्या दिवसापासून शिकले.

युद्धाच्या दिवसांत, तेव्हा आमच्यावर राज्य करणाऱ्या जपान्यांनी घराघरातले पितळ तोफगोळ्यांसाठी गोळा करायला सुरुवात केली. ताटे गेली, वाट्या गेल्या, चमचेही गेले. बुनयेने मला शेणखताच्या ढिगात पुरले. शिपायाने काठी खुपसायला हात उचलला, वासाने तोंड फिरवले आणि तो निघून गेला. त्या वर्षी तिच्या नजरेत माझी जी किंमत होती, ती पुन्हा कधी झाली नाही.

पुढे घर भरले. मुलगा मोठा झाला, सून आली. सुनेचे नाव मालजा. मग नात झाली, यंगी. तीन वयांच्या तीन जणी माझ्याकडे येत, आणि खरे सांगते, अंधारातही मी त्यांना ओळखत असे. यंगीचे पाण्यासारखे, हलके, वास जवळजवळ नाहीच. मालजा दिवसभर भातशेतात वाकलेली असे. तिचे थोडे, गडद, आणि किमचीतल्या, म्हणजे खारवून आंबवलेल्या भाजीतल्या, लसणाचा वास असलेले. बुनयेचे मात्र वर्षागणिक बदलत गेले. पूर्वी ती रात्री एकदाही उठत नसे. साठी जवळ आली तशी पुन्हा पुन्हा उठू लागली. रंग उतरला. आणि मग एका शरद ऋतूत फेस येऊ लागला. साबणाच्या पाण्यासारखा फेस, सकाळपर्यंत न बसणारा.

तेव्हापासून मला चैन पडेना. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. रोज सकाळी मालजा मला उचले, परसातल्या भोपळ्याच्या वेलापाशी रिकामी करी, राख आणि पेंढ्याने घासून पालथी घाली. मी मनात म्हणे, बाई, ओतण्याआधी एकदा आत बघ.

पाय सुजले तेव्हा सगळ्यांनीच पाहिले. बुनयेच्या रबरी चपला तिला चढेनात. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई सायकलवरून आल्या, नडगीवर अंगठा दाबून पाहिला. खड्डा पडला तो भरेचना. त्यांनी एक मोठी काचेची बरणी ओट्यावर ठेवली.

"आजी, उद्या सकाळपासून परवा सकाळपर्यंतची सगळी लघवी हिच्यात जमा करायची. एक थेंबही वाया नाही घालवायचा. आणि जेवण नेहमीचंच हं."

"त्यातून काय कळतं?" बुनयेने विचारले.

"सगळं कळतं. पोटात मीठ किती जातं, मांस किती जातं, मूत्रपिंडं कशी चालतात. तुमच्या वयाला ती दमलेली असतात."

नर्सबाई गेल्या. बुनयेने बरणी उचलून उजेडात फिरवून पाहिली. मग तिने सुनेला हाक मारली.

"पोरी, मोठी कोंबडी काप."

"आई, ती अंडी देते."

"काप म्हटलं ना! आणि जव नको, पांढरा भात लाव. किमची नको, खारी कोळंबी नको. सूपात मीठसुद्धा घालू नकोस."

"पण त्या म्हणाल्या नेहमीचंच जेवा."

"त्यांना काय जातंय म्हणायला! मिठाच्या जोरावर भात गिळतो तो गरीब. माझ्या घरची बरणी तालुक्याला जाणार, तिथे शिकलेली माणसं ती वाचणार. या घरात मुळा आणि जव खातात, हे त्यांना माझ्याच लघवीने सांगायचं होय?"

शेजारची वहिनी, गोकसंगची माहेरवाशीण म्हणून सगळे तिला गोकसंगवाली म्हणत, कुंपणावरून ऐकत होती. ती म्हणाली, "ताई, बरणीला नवे कपडे चढवता की काय?"

"तू तुझ्या घरची बरणी बघ," बुनये म्हणाली.

मित्रांनो, तुम्ही हसाल. पण त्या गावात पाहुण्यापुढे रिकामी वाटी ठेवणे म्हणजे नाक कापून घेणे. बुनयेने बरणीलाच पाहुणा मानले. दिवसभर ती कोंबडीचे अळणी सूप प्यायली, आणि बरणी भरून गेली.

आठवड्याने निरोप आला. तालुक्याला फक्त मीठच मोजले होते. ते बेताचेच दिसते, आजींचे जेवण चांगले आहे, असेच चालू ठेवा.

असेच! त्याच संध्याकाळी ताटात पुन्हा जवाचा भात आला, मुळ्याची किमची आली, खारी कोळंबी आली, आणि बुनयेच्या हातचे खारे, म्हणजे मिठात मुरवलेली सोयाबीनची चटणी, आले. ते मुरवायला अंगणात तिची रांजणांची रांग होती. सबंध गावात तसे खारे कोणाचे नव्हते. ती पोटभर जेवली आणि रात्रभर तांब्यामागून तांब्या पाणी प्यायली. फेस माझ्या गळ्यापर्यंत आला. मी झाकणाखाली घुसमटत होते. आता तर वरून शिक्का मिळाला होता, असेच चालू ठेवा.

सूज पापण्यांवर चढली. एका सकाळी बुनयेचे डोळे उघडेनात. यंगी तिच्या जवळ जायला घाबरली. मालजाने मला उचलले, वेलापाशी नेले, आणि थांबली. तिने वाकून आत पाहिले. फेसात बोट घातले, काढले, पुन्हा पाहिले. मग ओतण्याऐवजी तिने मला घरात आणले.

"आई, मी दवाखान्यात जाते. खरं काय ते सांगते."

"काय खरं?"

"कोंबडीचं."

"उंबरा ओलांडलास तर परत येऊ नकोस!"

"तुम्ही बसा ओरडत. ओरडायला तरी माणूस राहायला हवं ना घरात!"

योगांग न्यायचे तर फडक्यात गुंडाळून, कोणाच्या नजरेस पडणार नाही असे न्यायचे, अशी तिथली रीत. मालजाने फडके बांधले नाही. झाकण तिच्या हातून घाईत ओट्यावरच राहिले. दोन्ही हातांत मला धरून ती भर बाजाराच्या दिवशी गावातून निघाली. सांडू नये म्हणून सावकाश चालावे लागत होते, आणि सावकाश चालल्यामुळे सगळ्यांनी पाहिले.

"मालजा, सणाचं गोडधोड घेऊन चाललीस का गं?" भाजीवाली ओरडली.

"आमच्या सासूबाईंची लघवी आहे," मालजा म्हणाली. "बघायचीय? या बघायला!"

हसू तिथेच थांबले.

दवाखान्यात नर्सबाईंनी थोडी लघवी काचेच्या नळीत घेऊन ज्योतीवर धरली. ती दह्यासारखी पांढरी झाली. नर्सबाईंचा चेहराही.

"त्या दिवशी आजी काय जेवल्या होत्या?"

मालजाने सांगितले. रोज काय जेवतात तेही सांगितले, रांजणांसकट.

"अशाच अजून एक हिवाळा जेवल्या असत्या तर..." नर्सबाई म्हणाल्या आणि औषधांचे कपाट उघडले. गोळ्या दिल्या, मीठ बंद केले, मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली.

बुनये सुनेशी बोलेना. इस्पितळातून परतल्यावरही बोलेना. मालजा तिच्यापुढे मीठ नसलेले सूप ठेवी आणि भिंतीकडे तोंड करून बसे. एका दुपारी बुनयेने चमचा तोंडात घातला.

"हे सूप आहे की ताटं धुतलेलं पाणी?"

"ताटं धुतलेलं पाणी," मालजा म्हणाली. "प्या."

बुनये हसली की रडली, मला नीट दिसले नाही. तिने वाटी तोंडाला लावून रिकामी केली. मग म्हणाली, "रांजणांची झाकणं उघडून गोकसंगवालीला बोलाव. तिला हवं तेवढं खारं भरून नेऊ दे. माझ्यापुढे मात्र खाऊ नको म्हणावं."

ती आणखी चौदा वर्षे जगली. सुनेवर रोज ओरडत जगली.

मित्रांनो, आता माझे काम संपले. आता घराघरात एक कळ दाबली की सगळे वाहून जाते, कोणी वळूनही बघत नाही. म्हणूनच या काचेच्या कपाटात, फुलांखाली, माझा जीव थाऱ्यावर नसतो. तुमच्या घरातली म्हातारी माणसे रात्री किती वेळा उठतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का? त्यांना विचारा. ती लाजतील, चिडतील, खोटेही सांगतील. तरी विचारा.