कॉन्रॅडची शेवटची ‘भरती’

कॉन्रॅड डिमेलोचा शेवटचा कार्यक्रम भाईंदरला इंद्रलोकच्या मैदानावर होता. संध्याकाळी सहाला सुरू होणार होता, पण संचिता शिगवण चारलाच फाटकात जाऊन उभी राहिली. वय त्रेचाळीस. जेसल पार्कात मुलांना गिटार शिकवते. तिला स्वतःला कुणी शिकवलं नव्हतं. कॉन्रॅडच्या ‘खाडी’ बँडची एक कॅसेट होती घरात, ती पुढे-मागे करून करून ती शिकली. कॅसेट दोनदा तुटली, दोन्ही वेळा तिनं चिकटपट्टीनं जोडली.

कॉन्रॅड भाईंदरजवळच्या उत्तनचा. आता अडुसष्ट वर्षांचा. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीपासून वाजवत होता आणि या वर्षी त्यानं थांबायचं जाहीर केलं होतं. बारा शहरांचा शेवटचा दौरा, आणि शेवटचा मुक्काम आपल्या माणसांत म्हणून भाईंदर. चाहत्यांचा एक ग्रुप होता, साडेआठशे माणसांचा. प्रत्येक शहरातला माणूस तिथं लिहायचा, ‘म्हातारा अजून पेटतो’, ‘सोलो ऐकून रडलो’. संचिता ते सगळं वाचायची आणि दिवस मोजायची.

ग्रुप चालवायचा दिपेश घाणेकर. गोडदेवला त्याचं झेरॉक्सचं दुकान. वीस वर्षांची ओळख. दोघांनी ‘खाडी’चे चौदा कार्यक्रम एकत्र पाहिलेले. त्यानं पुढची जागा धरून ठेवली होती, स्टेजपासून चौथी रांग.

पहिली दोन गाणी झाली. मैदान उसळत होतं. तिसरं गाणं ‘भरती’. त्यात शेवटी गिटारचा लांब सोलो येतो, त्यातला गिटारच्या दांडीवरचा पडदा न् पडदा संचिताला पाठ होता. म्हणूनच तिला ते दिसलं. आवाज बाराव्या पडद्यावरचा येत होता आणि कॉन्रॅडचा डावा हात पाचव्यावर होता.

आपलीच नजर चुकत असेल, असं तिला वाटलं. ती पुढे वाकून बघायला लागली. इतक्यात कॉन्रॅडनं त्याच हातानं कपाळाचा घाम पुसला. आणि खेचलेल्या तारेचा थरथरता सूर तसाच वाजत राहिला.

“दिपेश, टेप लावलीय.”

“गाणं ऐक.”

“अरे, हात सोडला त्यानं! बघितलं नाहीस?”

“बघितलं. गप बस जरा.”

तो तिच्याकडे बघतही नव्हता. तेव्हा तिच्या लक्षात आलं.

“तुला माहीत होतं.”

“पुण्यापासून.” दिपेश तिच्या कानाशी ओरडून बोलत होता, तरी ते कुजबुजल्यासारखं वाटत होतं. “संधिवात झालाय त्याला. बोटं मिटत नाहीत. दोघातिघांनी लिहिलं होतं ग्रुपवर, मी काढून टाकलं.”

“काढून टाकलंस? आणि मी वेड्यासारखी सगळ्यांचं वाचत बसले?”

“शेवटचा कार्यक्रम आहे त्याचा. जाऊ दे ना सुखानं.”

“मग बसून गाऊ दे. गोष्टी सांगू दे. कोण नाही म्हणतंय? हे वाजवल्याचं नाटक कशाला?”

मागून एक बाई खेकसली, “ओ मॅडम, झगडा बाहर जाके करो!”

गाणं संपलं. टाळ्या थांबेचनात. कॉन्रॅडनं गिटार पोटाशी धरली, माइकजवळ आला आणि हसून म्हणाला, “बोला, भाईंदरकर. आता काय वाजवू?”

दहा ठिकाणांहून दहा गाण्यांची नावं आली. संचिता खुर्चीवर चढली. ती असं कधी वागली नव्हती. तिचा आवाज फाटला, पण पोचला.

“खरं वाजव!”

थोडे लोक हसले. कॉन्रॅडनं डोळ्यांवर हात धरून अंधारात बघितलं. “कोण ती?”

“भरती वाजव परत! टेपशिवाय!”

मग जे सुरू झालं ते तिला अजून नीट आठवत नाही. “निकालो इसको” असं कुणीतरी ओरडलं. पाण्याची अर्धी भरलेली बाटली खांद्यावर आदळली. मागचा एक माणूस “जळते साली” म्हणाला आणि त्याची बायको हसली. दिपेशनं तिचा कुर्ता धरून खाली ओढलं, “उतर! लाज आहे का काही?” पण काही पोरांनी मोबाइलमध्ये आत्ताचंच चित्रण काढून बघितलं होतं, आणि ती एकमेकांना दाखवत होती. हात कपाळावर, आवाज चालू. रांगारांगांतून ते पसरत गेलं. शिव्या आता दोन्ही बाजूंना जायला लागल्या, तिच्याकडे आणि स्टेजकडे.

स्टेजच्या कडेला आवाजाच्या टेबलावर कॉन्रॅडची मुलगी ॲन्ड्रिया बसली होती. कॉन्रॅड तिच्याकडे वळून म्हणाला, “बंद कर ती.” तिनं नकारार्थी मान हलवली. “ॲन्ड्रिया, बंद कर सांगतो!” ते माइकमधून सगळ्या मैदानानं ऐकलं.

तो एकटाच वाजवायला लागला. सोलोच्या पहिल्या चार सुरांतला दुसरा लागलाच नाही, नुसता ‘टक’ असा लाकडी आवाज आला. तो थांबला, त्यानं परत तिथूनच धरलं. करंगळी तारेवर टेकायची आणि घसरायची. वरच्या पडद्यांकडे जाताना त्यानं अख्खा पंजा सरकवला, बोटं अशी वळलेली की दुरूनही दिसत होती. लोकांनी आधी टाळ्या वाजवून धीर द्यायचा प्रयत्न केला. मग टाळ्या थांबल्या. मग उजवीकडून हुर्यो सुरू झाली. “फसवलं!” “बारा गावं फसवली!”

दोन मिनिटांनी त्यानं हात काढला. चेहरा लालबुंद झाला होता. चौथ्या रांगेकडे बोट करून तो म्हणाला, “मिळालं? हेच ऐकायचं होतं ना तुला?”

संचिता त्याच्या बोटांकडेच बघत होती.

“चाळीसेक वर्षं बोटं दिली तुमाला. आता बोटं न्हाय, तर टेप दिली. टेपवर पण मीच हाय, दुसरा कोन न्हाय! ज्याला नको त्यानं घरी जायाचं. मी कोनाची माफी मागनार न्हाय.” मग मुलीकडे न बघताच, “लाव ती.”

आणि टेप परत लागली. निम्मं मैदान उठून गेलं, जाताना खुर्च्या पाडत. उरलेल्यांसमोर त्यानं आणखी सात गाणी वाजवल्यासारखी केली. बोटं कुठं जातायत याची आता त्याला फिकीर नव्हती. एका गाण्यात तर त्यानं तार धरलीच नाही, हात खाली सोडून संचिताकडे रोखून बघत उभा राहिला, आणि गिटार वाजत राहिली. ती शेवटपर्यंत बसली. तिच्या आजूबाजूच्या सहा-सात खुर्च्या रिकाम्या होत्या. दिपेश कधी उठून गेला, तिला कळलं नाही.

बाहेर पडताना ॲन्ड्रियानं तिला फाटकाशी गाठलं.

“सकाळी शर्टाची बटणं मी लावते त्याची. माहितीये तुला?”

“नाही,” संचिता म्हणाली. “सांगितलं असतंत तर मी तरीही आले असते. नुसता बसला असता तरी.”

“तू आली असतीस. तुझ्यासारखे दोनशे आले असते.” ॲन्ड्रियानं मैदानाकडे हात केला. “हे बाकीचे आले असते का? त्याला भरलेलं मैदान बघायचं होतं एकदा. ते पण बघू दिलं नाहीस.”

“दिलं असतं. त्यानं खरं वाजवलं असतं तर.”

“जा तू,” ॲन्ड्रिया म्हणाली. “परत उत्तनकडे दिसू नकोस.”

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सकाळपासून तेच चाललं होतं. एकानं लिहिलं, ‘नागपूरला मी रडलो होतो, आता त्या रडण्याची शरम वाटतेय.’ दुसरा म्हणाला, ‘त्या बाईमुळे एका कलाकाराचा शेवट नासला.’ कुणी कॉन्रॅडला चोर म्हणत होतं, कुणी संचिताचा पत्ता विचारत होतं. दोघांनाही समजून घेणारं असं कुणीच लिहिलं नव्हतं.

दुपारी क्लास सुरू व्हायच्या आधी संचितानंही लिहिलं. ‘काल कॉन्रॅड डिमेलोंनी दोन मिनिटं खरं वाजवलं. दुसरा सूर लागला नाही, करंगळी घसरली, शेवटचा चढ चुकला. मी त्यांचे पंधरा कार्यक्रम ऐकले. ती दोन मिनिटं मी विसरणार नाही. त्यानंतरची सात गाणी मी माफ करणार नाही.’

पाच मिनिटांत दिपेशचा फोन आला.

“काढ ते.”

“तूच काढ. तुला सवय आहे.”

“संचिता, माणूस आजारी आहे. तू त्याला भर मैदानात उघडं पाडलंस, आणि आज वर परीक्षण लिहितेस?”

“आजारी आहे हे लपवलं कुणी? मी? पुण्यापासून तू माझ्याशी खोटं बोललास, दिपेश. रोज फोनवर. ‘काय वाजवतो गं म्हातारा’ म्हणायचास.”

पलीकडे झेरॉक्सचं मशीन चालू होतं. ते बंद झालं.

“मला वाटलं, तुला आनंद होतोय,” तो म्हणाला.

“होत होता.”

त्यानं फोन ठेवला, तिचं लिहिलेलं काढून टाकलं आणि तिलाही ग्रुपमधून काढलं. दोन मुलांच्या आयांनी त्याच आठवड्यात क्लास बंद केला. कारण काही सांगितलं नाही. कॉन्रॅडनं उत्तनच्या घरून एकही निवेदन दिलं नाही. दिपेश आणि संचिता महिन्याभरानं गोडदेवच्या नाक्यावर समोरासमोर आले. तो हातातल्या कागदांच्या गठ्ठ्याकडे बघत उभा राहिला. ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली.