कोण आहे? काय आणलंय?

मी एक जुनी दुर्बीण आहे. चंद्र-तारे दाखवणारी नव्हे, मित्रांनो. मी घराच्या दारात बसवलेली, करंगळीएवढी दुर्बीण आहे. एक पितळी नळी आणि तिच्यात दोन भिंगं, एवढाच माझा देह. बाहेरचं भिंग मधोमध पातळ आणि कडेला जाड आहे, त्यामुळे बाहेरचं बरंचसं जग माझ्यात मावतं. पण मावण्यासाठी ते लहान व्हावं लागतं. समोरचं दार दूरच्या गावात असल्यासारखं दिसतं आणि जवळ आलेल्या माणसाचं नाक अर्धा चेहरा व्यापतं. यात माझा खोटेपणा काही नाही. भिंगातून जाताना प्रकाश वळतो, आणि तो असाच वळतो.

नेरूळला सारसोळे गावाजवळ नव्या इमारती उभ्या राहत होत्या, तेव्हा सुताराने गिरमिटाने भोक पाडून मला निकमांच्या दारात बसवलं. तळमजल्यावर समोरासमोर दोन घरं होती. समोरच्या दारातही माझ्यासारखीच एक दुर्बीण होती. आम्ही दोघी एकाच खोक्यातून आलो होतो. मात्र तिच्यामागचं घर रिकामं होतं, त्यामुळे तिला डोळा लावणारं कोणी नव्हतं.

निकम कुटुंब साताऱ्याकडचं. हौसेराव निकम तुर्भ्याच्या बाजारात कांदा-बटाट्याचा व्यापार करत आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीही तेच होते. त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई दिवसभर घरी असत. मुंबईत नुकतेच बॉम्बस्फोट होऊन गेले होते आणि लोक बेवारस पिशवीलाही वळसा घालून जात. एकदा गॅस तपासायला आलो म्हणणाऱ्या एका भामट्याला वैजयंतीबाईंनी माझ्यातून पाहून ओळखलं आणि आतूनच पिटाळलं. तेव्हापासून घरात माझा मान वाढला. रोज सकाळी त्या मला पदराच्या टोकाने पुसत. बेल वाजली की आधी त्यांचा डोळा माझ्याकडे येई, हात कडीकडे नंतर जाई. हळूहळू बेल नसतानाही त्यांचा डोळा येऊ लागला.

अशातच समोरच्या घरात माणसं आली. काश्मीरमधून जीव मुठीत धरून निघालेलं, जम्मूच्या छावणीत तंबूत राहिलेलं हे कुटुंब होतं. ओंकारनाथ टिकू, त्यांची पत्नी दुलारी आणि म्हातारी आई. दुसऱ्या मजल्यावरच्या अरविंद देवधरांनी त्यांना आणलं होतं. रिकामं घर देवधरांच्या मस्कतला असलेल्या मेहुण्याचं होतं. इमारतीत आणखी तीन घरं बंद होती. त्यांतही अशीच कुटुंबं राहावीत, अशी विनंती देवधरांनी सोसायटीला लिहून दिली, आणि जिन्यात कुजबुज सुरू झाली.

"आज भाड्याने येतील, उद्या रेशनकार्ड मागतील."

"तिकडचे लोक यांच्या जिवावर उठलेत म्हणतात. उद्या शोधत इथे आले तर?"

"आणि हे नक्की कोण, ते आपण कुठे पाहिलंय?"

मासळीची पाटी घेऊन येणाऱ्या सारसोळ्याच्या राजाबाईंनी एकदा हे ऐकलं. त्या पाटी खाली ठेवत म्हणाल्या, "आमची भातशेती घेऊन तुमचं शहर बांधलं, तवा आमाला कोनी इचारलं नाय. आनि आता तुमी इचारता, हे भायेरचे कोन?"

सगळे हसले. वैजयंतीबाईही हसल्या आणि दार लावून घेतलं. मग लगेच त्यांचा डोळा माझ्याकडे आला.

मित्रांनो, पुढे जे घडलं ते महाशिवरात्रीनंतरच्या अमावास्येला, दिवेलागणीच्या वेळी. टिकू बाहेरून आले, आमच्या दाराला अगदी लागून गेले. त्यांच्या हातात कापडाने झाकलेलं जड भांडं होतं. त्यांच्या घराचं दार बंद होतं. त्यांनी बेल वाजवली नाही. बोटांच्या पेरांनी हलकेच टकटक केलं. आतून बाईच्या आवाजात काहीतरी विचारणा झाली. टिकू दाराला तोंड लावून म्हणाले, "राम ब्रोर." आतून पुन्हा प्रश्न आला. त्यांनी ओळीने काही शब्द उच्चारले. मगच दार उघडलं, तेही एक माणूस शिरेल इतकंच.

वैजयंतीबाईंचा श्वास लागून माझी आतली काच धुकट झाली.

हौसेराव घरी येताच त्या म्हणाल्या, "आवं, स्वतःच्याच घरात शिरायला परवलीचा शब्द लागतो त्यांना. आणि नाव विचारलं तर स्वतःला टिकू नाही म्हणाला. दुसरंच नाव सांगितलं."

"तू ऐकलंस?"

"ऐकलं आणि बघितलंबी. हातात झाकलेलं भांडं होतं. एवढं मोठं!"

त्यांनी हातांनी जो आकार दाखवला, तो माझ्यात दिसला होता तेवढाच होता. जवळून गेलेली वस्तू माझ्यात फुगते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि मला बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाबाईंनी त्यात भर घातली. "तुमचा तो गोरा मानूस काल खाडीवर आयला व्हता. भांड्यातलं पानी वतत व्हता. मी म्हनलं, नवस असंल."

"कसला नवस!" वैजयंतीबाई म्हणाल्या. त्यांनी बांगडे घेतलेच नाहीत.

थोड्या वेळाने आमची बेल वाजली. समोर टिकू उभे होते. हातात ताटली, तीवर रुमाल. वैजयंतीबाईंनी साखळी काढली नाही. आतूनच ओरडून विचारलं, "कौन है? हात में क्या लाया?"

टिकू दचकले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की ते माझ्या वाकड्या काचेतही सरळ दिसलं. ते दाराजवळ वाकले आणि कालच्याच चालीत म्हणाले, "राम ब्रोर. अन्न लाया हूँ, धन लाया हूँ, सेहत लाया हूँ."

वैजयंतीबाई झटकन मागे झाल्या. "चेष्टा करतोय मेला," त्या पुटपुटल्या. दार उघडलं नाही. टिकू बराच वेळ उभे राहिले. हसू हळूहळू विझलं. मग ताटली घेऊन ते परत गेले आणि त्यांच्या दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आला. ती कडी एरवी दिवसा कधी लागत नसे.

रविवारी सभा भरली. सोसायटीला हॉल नव्हता, म्हणून सभा आमच्या दोन दारांमधल्या पॅसेजमध्येच होई. पुरुष खुर्च्यांवर बसले. बायका आपापल्या दाराआड राहिल्या. वैजयंतीबाईंचा डोळा माझ्याशी होता. समोरच्या दुर्बिणीमागेही काहीतरी हलत होतं. दुलारी असेल किंवा म्हातारी. ठराव असा होता: बंद घरं विस्थापितांना देऊ नयेत आणि टिकूंनी महिनाअखेर घर सोडावं. घर सोडून कुठे जायचं, ते ठरावात नव्हतं.

चेअरमन धर्मराज घाईत होते. "टिकूसाहेब, बुरा मत मानना. पण सोसायटीला टेन्शन नको. त्या भांड्यात काय होतं ते सांगून टाका. आणि ते पासवर्डचं काय लफडं आहे?"

"माझ्या बायकोने डोळ्यांनी पाहिलंय," हौसेराव म्हणाले.

टिकू उठले, घरात गेले आणि भांडं घेऊन आले. पितळी कळशी होती, आपल्या घरात असते तेवढीच. त्यांनी ती खुर्चीवर ठेवली. आत भिजवलेले अक्रोड होते.

"अक्रोड भिजवले कशाला?" मागून कोणीतरी विचारलं.

टिकू शिक्षकासारखे सावकाश, हिंदीत बोलले. शिवरात्रीला त्यांच्याकडे शंकर-पार्वतीचं लग्न लागतं. कळशीत अक्रोड भिजवून तिची पूजा करतात. अमावास्येला घरचा पुरुष ते पाणी नदीला देऊन येतो. इथे नदी नाही, म्हणून ते खाडीवर गेले. परत येतो तेव्हा घरच्या बायका मुद्दाम दार लावून घेतात. आतून विचारतात, कोण आहे? बाहेरचा म्हणतो, राम ब्रोर, म्हणजे रामाचं मांजर.

"मांजर?" धर्मराज हसले. दोघेतिघे आणखी हसले.

"जी, मांजर. मग विचारतात, काय आणलंय? तो सांगतो, अन्न, धन, आरोग्य. मग दार उघडतात. नंतर अक्रोड नातेवाइकांना वाटतात." टिकूंनी आमच्या दाराकडे पाहिलं. "नातेवाईक कोणी जम्मूत आहेत, कोणी दिल्लीत. म्हणून मी समोरच्या घरी गेलो. बहनजींनी आतून तेच दोन प्रश्न विचारले. मला वाटलं, यांना आमची रीत माहीत आहे. घर सुटल्यापासून परक्या दाराआडून मला कोणी ते विचारलं नव्हतं."

माझ्यावरचा डोळा हलेना. मग काच ओली झाली.

"ते सगळं ठीक आहे," धर्मराज म्हणाले, "पण नियम तो नियम. ठरावाच्या बाजूने हात वर करा."

हात वर झाले. पहिला हात हौसेरावांचा होता. तेवढ्यात माझ्या खालची साखळी खणखणली आणि दार उघडलं.

मित्रांनो, दार उघडलं की मला फक्त आतली भिंत आणि चपलांचं कपाट दिसतं. त्यामुळे पुढचं मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं.

"आमच्या घराचा हात खाली घ्या," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"आगं, तूच तर सांगितलंस मला!"

"मीच सांगितलं. चुकीचं सांगितलं. परवा ते अक्रोड घेऊन दारात हुबे होते आणि मी कडी काढली न्हाई. आता मी काढलीय. हात खाली घ्या."

देवधर म्हणाले, "सेक्रेटरीच्या घरातच एकमत नाही, चेअरमनसाहेब." हशा पिकला. खुर्च्या सरकल्या. ठराव पुढच्या सभेवर गेला, आणि मग पुढच्या सभेतही कोणी तो काढला नाही.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. ती तीन घरं बंदच राहिली. आणखी कोणी आलं नाही, आणि येऊ दिलं नाही, हेही मला माहीत आहे. पण टिकू राहिले. पुढच्या शिवरात्रीनंतरच्या अमावास्येला टकटक ऐकू आली, तेव्हा आमचं दार सताड उघडं होतं आणि मी चपलांकडे पाहत होते. दुलारीने आतून प्रश्न विचारला. टिकूंनी उत्तर दिलं. मग वैजयंतीबाईंचा आवाज आला, "आता आमच्याकडं या. मी दार लावून घेते आणि विचारते!"

आज दाराला वाळवी लागून ते बदललं आहे. नव्या दाराला लोखंडी जाळी आहे. मी खिळ्या-स्क्रूंच्या डब्यात पडून आहे आणि माझ्या काचेवर गंजाची पूड साचली आहे.

तुमच्या दारातही माझी एखादी बहीण असेल. तिला अधूनमधून मऊ कापडाने पुसत जा. बाहेर कोण आहे ते ती दाखवील, पण लहान करून, लांब नेऊन दाखवील. म्हणून तिच्यातून पाहून झालं की आतून जरूर विचारा, कोण आहे, काय आणलंय. आणि उत्तर आलं, की कडीही काढा.