शेजारच्या सीटवरची स्टेपनी

अमडापूरच्या उत्तमराव पाटलांच्या दारात पिवळी स्पोर्ट्स कार येऊन उभी राहिली, तेव्हा गोठ्यातल्या म्हशींनीही रवंथ थांबवून तिच्याकडे पाहिलं. गाडी पुण्याहून आली होती, आधी कुणीतरी वापरलेली. पण पाटलांचा दीपक ती 'नवीच समजा' म्हणून सांगत होता. उंची इतकी बेताची की आत बसायचं तर आधी उकिडवं व्हावं लागे. सीटा मोजून दोन. एक चालवणाऱ्याची आणि दुसरी आपली, असा दीपकच्या बायकोचा, पूनमचा समज होता. लग्नाला तीन वर्षं झाली तरी तिचे काही समज अजून शाबूत होते.

त्याच आठवड्यात पूनमला नेमणुकीचं पत्र आलं होतं. जळगाव जामोदच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला एक आरोग्य केंद्र होतं, तिथं स्टाफ नर्स. तीन परीक्षा आणि दोनदा प्रतीक्षा यादी एवढं सोसल्यावर आलेलं ते पत्र. पंधरा दिवसांत रुजू व्हा, नाहीतर नेमणूक रद्द, असं त्यात ठळक अक्षरांत छापलेलं होतं. पूनमनं पत्र वाचलं त्याच दुपारी बॅग भरली.

"थांब ना वं जराशी," दीपक म्हणाला. "दारात स्पोर्ट्स कार असताना माही बायको यष्टीनं जाईन का? लोक काय म्हणतीन?"

लोक काही म्हणू नयेत म्हणून पूनम थांबली. तेवढ्यात उत्तमरावांनी गाडीची डिकी उघडून आत डोकं घातलं.

"स्टेपनी कुठी हाय बे?"

"बाबा, या गाडीले स्टेपनी येतच नाई. हा फेसाचा डबा येते. पंक्चर झालं का चाकात फेस सोडाचा, या पंपानं हवा भराची, का लागली गाडी रस्त्याले."

उत्तमरावांनी डबा हातात घेतला, हलवला, वास घेतला. "हे दाढीचं सामान हाय," त्यांनी निकाल दिला. "स्टेपनीबिगर गाडी माह्या फाटकाच्या बाहीर जाणार नाई."

उत्तमरावांच्या जीपला एके काळी दोन स्टेपन्या असत, आणि त्यांतली एकही कधी लागली नाही याचा त्यांना अभिमान होता. म्हातारा अगदीच चुकीचं बोलत नव्हता, हे पूनमही मनात कबूल करत होती. गाडीचे टायर पापडासारखे चपटे, आणि आपल्या जिल्ह्यातले रस्ते म्हणजे खड्ड्यांच्या मधूनमधून डांबर. पण बाप-लेकाच्या या चर्चेत दिवस जात होते ते तिच्या पत्रातले.

चाकाचा शोध सुरू झाला. अकोल्याला विचारलं, औरंगाबादला विचारलं, शेवटी दीपकच्या कुठल्याशा मित्राच्या मित्रानं पाठवलं. ते आलं चौदाव्या दिवशी संध्याकाळी. सगळ्यांनी ते ओट्यावर ठेवून पाहिलं. सासूबाईंनी, म्हणजे वच्छलाबाईंनी, त्याला हळदीकुंकू लावून ओवाळलं. पूनमच्या नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा याच वच्छलाबाई म्हणाल्या होत्या, "बरं झालं. पोळ्या लाटून झाल्या का?"

पंधराव्या दिवशी सकाळी सात वाजता असं लक्षात आलं की चाक डिकीत मावत नाही.

आडवं घालून पाहिलं, उभं घालून पाहिलं, तिरपं घालून पाहिलं. डिकी इतकी नाजूक की तिच्यात एक जेवणाचा डबा आणि एक शाल मावली असती, तीही घडी नीट घातली तर. टपावर बांधावं तर टप कापडाचं. मागे सीटच नाही. शेवटी हात भरून आले म्हणून गोविंदानं, पाटलांच्या सालदारानं, ते चाक चालकाच्या शेजारच्या सीटवर टेकवलं. आणि काय सांगावं, असं बसलं की जणू कंपनीनं माप घेऊनच सीट शिवली होती.

"वा!" उत्तमराव म्हणाले. "आता बांध त्याले घट. ब्रेक मारला का उडून काचातून बाहीर जाईन."

गोविंदा हा कडब्याची गाडी बांधणारा माणूस. त्यानं बांधलेली गाडी उलटली तरी पेंढी निसटत नाही, अशी त्याची ख्याती. त्यानं पिवळा नायलॉनचा दोर आणला, चाकाच्या मधून ओवला, सीटच्या पाठीमागून घेतला, सीट ज्या रुळावर सरकते त्या रुळातून खाली काढला, आणि सीटवर पाय देऊन असा आवळला की गाडी कण्हली. गाठ सीटखाली, अंधारात. जॅक आणि पाना चाकाखाली पायापाशी, तेही त्याच दोरात.

दीपकनं गाडी चालू केली तर ती पीं पीं करायला लागली. शेजारच्या सीटवर कुणीतरी पट्टा न लावता बसलंय, अशी तिची तक्रार होती. दीपकनं स्टेपनीला पट्टा लावला. गाडी गप्प झाली. गाडीनं स्टेपनीला माणूस मानलं होतं. घरच्यांनी ते आदल्या संध्याकाळीच मानलं होतं.

पूनम बॅग घेऊन अंगणात उभी होती. आज पाचच्या आत सही झाली नाही तर सगळं पाण्यात. "मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली, "मी कुठी बसू?"

हा प्रश्न या घरात आजवर कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

"चाक मांडीवर घेता येईन का?" वच्छलाबाईंनी सुचवलं.

"यष्टीनं जातो मी," पूनम म्हणाली. "नवाची गाडी हाय खामगावची."

"यष्टीनं?" दीपक दुखावला. "मंग मी हे गाडी कायले आणली?"

"मंग स्टेपनी काढा."

"स्टेपनी निंगणार नाई," उत्तमराव म्हणाले.

म्हणजे यष्टीनं जायचं तर दीपकची इज्जत जाते, कारनं जायचं तर स्टेपनी जाते, आणि घरी बसायचं तर पूनमची नोकरी जाते. या तिन्हींतलं काय जाऊ द्यावं यावर पाऊण तास बोलणं झालं. तिसऱ्या पर्यायाला कुणाचा फारसा विरोध दिसेना. पूनमनं मात्र बॅगेचा पट्टा सोडला नाही.

उत्तमराव म्हणजे गावातले बांधाचे तंटे मिटवणारा माणूस. त्यांनीच तोडगा काढला. दीपकनं स्टेपनी घेऊन कारनं पुढे जायचं. सूनबाईनं मागून यष्टीनं यायचं. जळगाव जामोदच्या बसस्टँडवर स्टेपनी सोडून खाली ठेवायची, कुणालातरी तिच्यापाशी बसवायचं, आणि सूनबाईला सीटवर घेऊन आरोग्य केंद्राच्या दारात उतरवायचं. लोकांनी पाहिलं पाहिजे. परत येताना उलटं.

"कसं काय वाटते?" उत्तमरावांनी विचारलं.

"लय भारी, बाबा!" दीपक म्हणाला.

पूनमला नवाची बस गाठायची होती, म्हणून ती बॅग उचलून फाटकाकडे निघाली. तोवर नवाची गेली. तिला साडेदहाची मिळाली. खामगावात जळगाव जामोदची बस सुटायला दीड तास लागला. त्या दीड तासात दीपकचे तीन फोन आले. पहिल्यात गाडी कशी पळून राहिली ते होतं, दुसऱ्यात नांदुऱ्याला लोकांनी फोटो कसे काढले ते होतं. तिसऱ्यात आवाज जरा बारीक होता. "चाक फुटलं वं," तो म्हणाला, आणि फोन कट झाला.

नांदुरा सोडून बस पूर्णेच्या पुलाकडे निघाली, तेव्हा रस्त्याच्या कडेला पिवळं काहीतरी दिसलं. भोवती दहाबारा माणसं आणि तीसेक शेळ्या. टायर बाजूनं फाटला होता, हातभर. दाढीचा फेस चाकातून बाहेर येऊन रस्त्यावर पसरला होता आणि एक शेळी त्याला हुंगत होती. दीपक सीटखाली डोकं घालून पालथा पडला होता, बाहेर फक्त त्याचे पांढरे बूट. गाठीपर्यंत हात जायचा तर सीट मागे सरकायला हवी होती, आणि दोर रुळातूनच गेलेला असल्यानं सीट सरकत नव्हती. जॅकही त्याच दोरात बांधलेला. गोविंदाची ख्याती अजिबात खोटी नव्हती.

"बापा!" पूनमच्या शेजारची म्हातारी खिडकीतून वाकून म्हणाली. "त्या चाकाले पट्टा लावून बसवलं वं! कोनाचा माणूस हाय हा?"

"माहा," पूनम म्हणाली.

बसचा आवाज ऐकून दीपक उठला आणि हात करून त्यानं ती थांबवली. पूनमला वाटलं, तो आता म्हणेल, उशीर होऊन राह्यला तुले, तू जाय पुढं. तिला खरंच तसं वाटलं. ती दारापर्यंत आली.

"बरं झालं तू आली," तो घाम पुसत म्हणाला. "उतर. गाडीपाशी थांब. मी याच बसनं जळगावले जातो, विळा न् मेकॅनिक घेऊन येतो. कापडी टप हाय, एकटी सोडता येत नाई. हे पोट्टे बॉनेटवर बसून फोटो काढून राह्यले."

"अहो, अडीच वाजले. पाचच्या आत सही कराची हाय मले."

"मले माहीत हाय ना! तासाभरात येतो. मंग गाडीनं सुसाट जाऊ."

"ताई, उतरता का बसता?" कंडक्टर मागून ओरडला.

पूनमनं दीपककडे पाहिलं. खरोखर बिचारा दिसत होता तो, गुडघ्यांवर माती, केसांत फेस. तिला त्याची कीव आली. आणि त्याच्या खांद्यावरून तिला पट्ट्यात बसलेलं ते चाक दिसलं, कपाळावर सासूबाईंनी लावलेलं कुंकू, अगदी ताजं. संतापानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सोबतीले हाय ना ते तुमच्या," ती म्हणाली. "त्याले बसवा राखणीले. मी चालली."

कंडक्टरनं दोरी ओढली.

आरोग्य केंद्रात ती पोचली तेव्हा चार वाजून गेले होते. वैद्यकीय अधिकारी डॉक्टर महामाया इंगळे टेबलावर डबा उघडून बसल्या होत्या. दुपारचं जेवण आत्ता. त्यांनी पत्र पाहिलं, तारीख पाहिली, मग पूनमच्या धुळीनं भरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. "शेवटच्या दिवशी, हो? मी म्हटलं, नाईच येत ही बाई," असं म्हणून त्यांनी रुजू अहवालाचा कागद पुढे सरकवला.

नाव, जन्मतारीख, पदनाम. पूनमनं सावकाश, सुरेख अक्षरात लिहिलं. तेवढ्यात फोन वाजला.

"कापला दोर!" दीपक सांगत होता. "एका शेतातल्या बाईनं विळा देला. पण पूनम, या चाकाले चारच भोकं हायेत वं. गाडीले पाच लागतात."

पूनमनं मनात हिशेब केला. चौदा दिवस. "कोणीच लावून पाह्यलं नाई का हो?"

"आता मले काय माहीत! बाबाले सांगू नको फक्त. आईकते का? तू पाचले मोकळी होशीन ना? येता येता एखादा टेम्पो पाह्य अन् घेऊन ये. अन् उद्यापासून मीच सोडत जाईन तुले रोज. आता यष्टी बंद."

"बरं," पूनम म्हणाली आणि फोन ठेवला.

कागदावरचा शेवटचा रकाना रिकामा होता: मुख्यालयी राहणार की जाणं-येणं करणार. तिनं पेन टेकवलं, थांबली, आणि लिहिलं. मग खाली सही केली, तारखेसकट.

डॉक्टर बाईंनी कागद वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं. "मुख्यालयी? पाह्य बाई, मागचं क्वार्टर हाय, पण एकच खोली हाय. अन् फार लहान."

"एका माणसाले बसाले जागा हाय ना?"

"तेवढी हाय."

"मंग द्या किल्ली," पूनम म्हणाली.