बापमासा

झुलैदेला तळ्यातला मासा दिसायची गरज पडत नसे, पाणी दिसलं की पुरे. मोठा पिरारुकू खालून गेला की वर एक फुगवटा सरकतो. मासा अंग वळवतो, ते वळण डोक्याकडून शेपटीकडे वाढत जातं आणि शेपटी पाणी मागे लोटते. फुगवटा लांब आणि जोरकस असला तर मासा एकटा. बारीक, संथ, रेंगाळणारा असला तर तो बाप. डोक्याभोवती पिल्लांचा घोळका घेऊन निघालेला बाप शेपटी जपून हलवतो, नाहीतर पिल्लं मागे पडतात आणि कुणाच्या तरी घशात जातात.

ही खूण तिनं एकट्या नेझिन्यूला शिकवली होती. त्याच्या मुलीची, इओलांदाची, ती धर्ममाता, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणायचा. ओरबाडून रिकामं केलेल्या तळ्यात गावानं आठ वर्षं भाला टाकला नव्हता. यंदा पहिला बाप दिसला. पिल्लं मोठी होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही अशी सगळ्यांनी शपथ घेतली आणि राखण नेझिन्यूकडे दिली.

"चुकून भाला टाकशील, म्हणून खूण सांगतेय," ती म्हणाली होती.

रविवारी इओलांदाचा चर्चमधला सण झाला. नेझिन्यूनं अख्ख्या गावाला जेवू घातलं. रस्सा, मानिओक कंदाचं पीठ आणि माशाचे हे जाड तुकडे! झुलैदेला त्यानं स्वतः वाढलं.

"खा कोमाद्रे, लाजू नकोस. पलीकडच्या नदीवरून आणलाय."

"एवढ्या माशाचं डोकं कुठाय रे?"

"मांजराला घातलं."

"मग मांजर आहे का वाघ?" सगळे हसले, तीही हसली. तिनं दोन ताटं खाल्ली.

जेवून ती तळ्यावर गेली. मधोमध पिल्लांचा काळा पुंजका नुसता भिरभिरत होता, खाली फुगवटा नव्हता. पाणकावळे एकेक पिल्लू उचलत होते. ती तशीच माघारी फिरली आणि नेझिन्यूच्या स्वयंपाकघरामागची केळीची पानं तिनं उचकली. खाली डोकं होतं, कोळशासारखं काळं. पिल्लं सांभाळणाऱ्या बापाचंच डोकं तेवढं काळं पडतं.

नेझिन्यू दारात आला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता अर्थ नव्हता.

"जोरात पोहणारा मासा माझ्याच्यानं गाठवत नाही, कोमाद्रे. हा हळू पोहतो, तूच सांगितलंस. पोरीच्या सणाला काय नुसतं पीठ वाढू?"

"वाचवायला सांगितलं होतं रे, मेल्या! तुझ्यावर राखण सोपवली होती. कुंपणानंच शेत खाल्लं."

"तूपण खाल्लंस की. दोन ताटं."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि धार तिनंच लावून दिली होती. रागापेक्षा तिला किळस जास्त आली, त्याची आणि स्वतःचीही.

ती आपली डांबर फासलेली काळी होडी घेऊन तळ्यात गेली. पुंजक्याजवळ थांबली. पिल्लं आधी बुजली, मग होडीच्या काळ्या बुडाखाली एकेक करून जमू लागली. तिनं वल्हं मागच्या टोकाला धरलं आणि शेपटीसारखं डावीकडे, उजवीकडे, अगदी हळू फिरवलं. होडी वीतभर सरकली. पिल्लंही सरकली. तिनं ती गवताच्या दाटीकडे वळवली, जिथे पाणकावळ्यांची चोच पोचत नाही.

"कोमाद्रे!" काठावरून नेझिन्यू ओरडला. "मी येतो, दोघं मिळून वल्हवू!"

तिनं मागे पाहिलं नाही. पिल्लं विश्वासानं होडीखाली चालली होती, आणि तिच्या तोंडात अजून त्यांच्या बापाची चव होती.