तीन खांदे आणि हौसाकाकीचं अंगण

मित्रांनो, मी एक जुनी पालखी आहे. फणसाच्या लाकडाची आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या खांद्यांनी गुळगुळीत झालेल्या दांड्याची. रत्नागिरीहून पूर्णगडकडे जाताना खाडीच्या अंगाला एक लहानसं शहर लागतं, तिथल्या ग्रामदेवतेच्या देवळात मी राहते. वर्षभर देवळामागच्या खोलीत चादर पांघरून पडायचं आणि शिमग्यात देवीचे चांदीचे मुखवटे मिरवत घरोघर जायचं, असं माझं आयुष्य.

मला घडवणाऱ्या सुताराने एकही खिळा वापरला नाही, सांध्यात सांधा बसवला. म्हणून नाचवताना मी कुरकुरते, पण मोडत नाही. चाकरमानी रजा टाकून यायचे, माझा दांडा धरायला एकमेकांशी भांडायचे आणि ढोल घुमला की मला अशी नाचवायचे की देवीलाही घेरी यावी! एकही घर सुटत नसे. वर कातळावर एकुलतं एक घर असलं तरी मी चढून जायची. ज्या अंगणात पालखी आली नाही, त्या घरची माणसं वर्षभर खाली मान घालून वावरतात. आमच्याकडे ही गोष्ट लहान नाही.

इतकी वर्षं मी माणसांच्या खांद्यावर काढली, पण माणसांची किळस कधी आली नव्हती. यंदा आली. स्पष्टच सांगते.

नगराध्यक्षाची निवडणूक तोंडावर होती. मोठ्या पक्षाचं तिकीट ज्याला मिळेल तोच निवडून येणार, असं सगळे धरून चालले होते. त्यामुळे खरी झोंबाझोंबी तिकिटासाठीच. इच्छुक तीन. मुंबईहून पक्षाचे निरीक्षक आले आणि म्हणाले, "शिमगा आहेच. पालखीबरोबर फिरतो. कोणामागे किती माणसं आहेत ते आपोआप कळेल." झालं! देवीची पालखी तिकिटाच्या परीक्षेला बसली.

पहिले आप्पा. मोठे बागायतदार, माजी नगराध्यक्ष. त्यांनी खांदा लावलाच नाही. दांड्याला नुसती दोन बोटं टेकवून चालायचे आणि फोटोवाला दिसला की मान वाकडी करायचे, जणू सगळा भार यांच्याच मानेवर! आपल्या अंगणात त्यांनी मला बसवली ती उठवेचनात. माझ्याकडे पाठ करून निरीक्षकांना जुनी कामं ऐकवत बसले. उन्हं कलली.

दुसरा विनीत, बांधकामांची कंत्राटं घेणारा. त्याच्या पोरांच्या टीशर्टवर देवी कोपऱ्यात आणि हा मधोमध. डोक्यावर ड्रोन घोंघावतोय, तोंडात गुटखा. नाचवता नाचवता त्याची पिंक माझ्या खुरावर उडाली. ती त्याने पायाने पुसली. पायाने! शी! अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

तिसरा गंधार, कॉलेजात शिकवणारा. याचा खांदा मात्र खरा होता. भार घेत होता, शेजाऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळवत होता, घामाने सदरा चिंब झाला होता. मला वाटलं, चला, तिघांत एक तरी माणूस निघाला. मीही भोळीच.

वर कातळावरच्या घरात हौसाकाकी सकाळपासून अंगण सारवून बसली होती. तिच्या अनिलला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी मुलगी झाली, सानवी. काकीने नवस केला होता की पालखी अंगणात नाचवीन आणि नातीला पालखीखालून काढीन. त्यासाठी अनिल बायकोपोरीला घेऊन मुंबईहून आला होता. रजा संपत आली होती, दुसऱ्या दिवशी सकाळीच परतायचं होतं.

दिवेलागणीपर्यंत मला सहाणेवर, म्हणजे गावातल्या माझ्या दगडी चौथऱ्यावर, टेकायचं असतं. एकदा तोंड सहाणेकडे वळलं की त्या वर्षी मी मागे फिरत नाही, अशी पिढीजात रीत आहे. पिंपळाच्या पारापाशी दोन वाटा फुटतात. उजवी वर काकीकडे जाते, डावी सहाणेकडे. पुढच्या दांड्याला गंधार होता. पुढचा वळेल तिकडे पालखी वळते.

धोंडू गुरव म्हणाला, "सर, वर हौसाकाकीचा घर ऱ्हायलाय. नवसाचा हाय. येका घरापुरता येळ हाय अजून."

विनीत हसला. "वर हायत कोन रं? चार मतं!"

आप्पा तर कधीच गाडीत बसून सहाणेवर पोचले होते, निरीक्षकांच्या शेजारी. गंधारचा फोन वाजला. त्याने ऐकलं आणि हळू आवाजात म्हणाला, "धोंडूदादा, साहेब निघायच्या घाईत आहेत. आत्ता पालखी पोचली नाही, तर माझं सगळंच..."

वाक्य त्याने पुरंही केलं नाही. तो डावीकडे वळला.

ढोल दूर जाताना ऐकून काकी ओटीचं ताट घेऊन कातळावरून धावत आली. मागे अनिल, कडेवर पोर. "अवो थांबा! पोरीला निस्ती खालनं काडू द्या!" टीशर्टवाल्यांच्या रेटारेटीत ताट उडालं. नारळ गटारात गेला, तांदूळ वाटेवर सांडले. गंधारने मान वळवून म्हटलं, "काकी, पुढच्या वर्षी पहिला मान तुमचाच!" आणि त्या तांदळांवर पाय देऊन तो पुढे गेला. त्याच खांद्यावर मी होते, मित्रांनो. मला उतरता आलं नाही.

तिकीट गंधारलाच मिळालं. आता नाक्यानाक्यावर फलक आहेत. त्यावर त्याच्या खांद्यावर मी आणि खाली अक्षरं, 'शेवटच्या घरापर्यंत.' बोटं लावणारा आणि थुंकणारा निदान जसे होते तसे तरी दिसत होते. या तिसऱ्याची मला सगळ्यांत जास्त किळस येते, कारण याला भार पेलता येत होता.

शिमगा संपला, मुखवटे उतरले, मी पुन्हा खोलीत आले. एके सकाळी धोंडूने दार उघडलं. हौसाकाकी आली होती, एकटीच. तिने पदराखालून सानवीचं टोपडं काढलं, गुडघे टेकून माझ्या एका बाजूने आत सरकवलं आणि दुसऱ्या बाजूने काढून घेतलं.

"काकी, पुडच्या वर्साला पोरीलाच घेऊन या," धोंडू म्हणाला.

"आनंन," काकी म्हणाली. मग माझ्या दांड्यावरून हात फिरवत म्हणाली, "तुजी काय चूक गो बाय? तुला नेतील तिकडं तू जानार."

मित्रांनो, मला रंग द्या, चांदीने मढवा, असं माझं मागणं नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि कुणाला निवडायचं ते ठरवाल. तेव्हा त्याचा खांदा बळकट आहे का, एवढंच बघून थांबू नका. वाट फुटते तिथे जाऊन उभे राहा आणि तो कुठे वळतो ते बघा.