स्पिरिटचा वास

उन्हाळ्यात जळगावातली घरं दुपारी बंदच असतात. पारसने तर स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोठीच्या खोलीची खिडकीही चिकटपट्टी लावून बंद केली होती. धूळ नको म्हणून. त्या खोलीत तो ग्रामोफोनच्या रेकॉर्डी धूत असे.

वडील, मिश्रीलाल, गेल्यावर त्यांच्या रेकॉर्डी त्याच्याकडे आल्या. बहुतेकांवर बुरशी होती. सोनार दागिने धुवायला वापरतात तसलं अल्ट्रासॉनिक यंत्र त्याने मागवून घेतलं. स्टीलच्या टाकीवर दांडीला लावलेल्या रेकॉर्डी पाण्यात हळूहळू फिरत, यंत्र बारीक आवाजात करकरत राही आणि खाचांतला मळ सुटे. पाण्याचं मिश्रण त्याचं घरचंच: डिस्टिल्ड वॉटर, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, थोडं स्पिरिट. त्या दिवशी बुरशी हटेना, म्हणून तो स्पिरिट वाढवत गेला. पाणी गरम करायचं बटणही दाबलं.

तेवढ्यात दाणा बाजारातल्या दुकानातून भावाचा, अखिलचा, फोन आला. जामनेरहून आलेल्या मालाच्या वजनावरून भांडण जुंपलं होतं. यंत्र सुरूच ठेवून पारस उठला. खोलीचं दार ओढताना मागे काहीतरी धपकन पडलं. खोकं असेल, असं वाटून तो गेला. आई आत झोपली होती.

भांडण मिटेपर्यंत ऊन कललं होतं. बाहेर ओट्यावर वना हमालाने बिडीसाठी काडी ओढली. ती ज्योत पाहिली आणि पारसला दारामागचा तो धपकन आवाज आठवला.

पडलं ते खोकं नव्हतं. तो स्पिरिटचा कॅन होता, आणि त्याचं बूच त्याने लावलेलंच नव्हतं.

आई, सज्जनबाई (घरात सगळे तिला बाईच म्हणत), सूर्य मावळायच्या आत जेवायची. म्हणजे आता ती उठून गॅसपाशी जाणार. कोरोनात गेलेली तिची वासाची जाणीव परत आली नव्हती, ऐकूही कमी येई. त्याने घरी फोन लावला; तो वाजत राहिला, तिने उचलला नाही. शेजारच्या पुष्पाबाईंचा नंबर बायकोकडे, रुचीकडे होता. ती चाळीसगावला माहेरी गेलेली, तिचाही फोन लागेना.

गाडी चालवताना तो गल्लीच्या दिशेने वर धूर दिसतो का एवढंच पाहत होता. 

घर जसंच्या तसं होतं. दाराला आतून कडी, म्हणजे आई उठली होती. दाराच्या फटीतून मात्र स्पिरिटचा उग्र वास येत होता. त्याने बेलकडे नेलेला हात मागे घेतला. आत बारीकशी ठिणगीसुद्धा पुरे होती. धावत जिन्याखाली जाऊन त्याने मीटरपाशी मेन स्विच बंद केला. यंत्र थांबलं असेल, पाणी आता निवेल. त्याने जरा श्वास घेतला.

आणि त्याला कळलं की आपण काय केलं. पडदे ओढलेल्या घरात अंधार झाला होता. लाइट गेली असं समजून आई मेणबत्ती शोधणार.

"काय व्हयनं, पारसभाऊ?" पुष्पाबाई दारात आल्या.

"तुमचा गॅस बंद करा आणि मुलांना घेऊन बाहेर व्हा," एवढंच तो म्हणाला आणि घराच्या मागे पळाला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आई दिसली. ओट्यावर मेणबत्ती उभी केलेली, एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी.

"बाई, ओढू नको!"

तिला ऐकू गेलं नाही. ती पेटीची खरखरीत बाजू बोटाने चाचपत होती. पारसने भिंतीकडेची वीट उचलून काचेवर मारली. काच खळकन आत पडली. आई दचकून वळली, काडी हातातून गळाली.

"खिडकी का फोडलीस?"

गजांना धरून तो म्हणाला, "बाई, पेटी खाली ठेव. काही पेटवू नको. दार उघड आणि बाहेर ये."

त्याचा चेहरा पाहून तिने पुढे काही विचारलं नाही. भिंतीला धरत, अडखळत ती बाहेर आली. तिला केव्हाचं गरगरत होतं. ऊन बाधलं असेल, असं तिला वाटत होतं.

पारसने तोंडाला ओला पंचा बांधून सगळी दारं-खिडक्या उघडल्या. कोठीत कॅन आडवा पडला होता, फरशी ओली होती. ओल दाराखालून स्वयंपाकघरापर्यंत पोचली होती. टाकीतल्या जुन्या, लाखेच्या रेकॉर्डी स्पिरिटने विरघळून पाणी शाईसारखं काळं झालं होतं. वडिलांच्या आवडीच्या होत्या त्या. तो त्यांच्याकडे पाहत थांबला नाही.

आई त्या संध्याकाळी पुष्पाबाईंकडे जेवली. पारस शेजारी बसला होता, पण जेवत नव्हता. कॅन कसा पडला, वास कसा पसरला, हे त्याने आईला सांगितलं.

ती शांतपणे म्हणाली, "मला वास येत नाही हे विसरलास, की मी घरात आहे हेच?"

पारसने मान खाली घातली.  आईने आपल्या ताटातली भाकरी मोडून अर्धी त्याच्यापुढे सरकवली.